बंदुकीचा भरवसा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले, आणि पुढे याच शहरात इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. गुरुजी सनावळ्या पाठ करून घेत; त्यात सूट नसे. परंतु अधूनमधून ते एखादी जुनी वस्तू वर्गात आणीत. कधी होळकरशाही नाणे, कधी गंजलेले कुलूप, कधी शाईची दौत. ती बाकांवरून फिरवून ते विचारीत, "ज्याने ही रोज वापरली, त्याचा हिच्यावर भरवसा किती असेल?" या प्रश्नाचे महत्त्व त्या वयात कळले नाही. आज त्याच प्रश्नाला धरून मी बंदुकीविषयी बोलणार आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कोणाला विचित्र वाटेल. म्हणून तो कसा सुचला ते आधी सांगतो.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झाला आहे आणि तेथील रीतसर परवाना काढून हिवाळ्याच्या तोंडाशी बदकांच्या शिकारीस जातो. त्याने नवी अर्धस्वयंचलित बंदूक घेतली होती. ती जडत्वाच्या तत्त्वावर चालते. फराळ करता करता तो म्हणाला, "सर, चिखल, पाऊस, बर्फ, काही असो, ही कधी दगा देत नाही म्हणतात. एवढा भरवसा ठेवावा का?" मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. प्रश्न मनात घोळत राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना मी आपल्याच माळव्याच्या इतिहासात येऊन पोहोचलो. आजचे व्याख्यान हे त्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आरंभ आपल्या इंदूरच्या राजघराण्यापासूनच करू. यशवंतराव होळकरांना एक डोळा नव्हता, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असते. तो कसा गेला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो रणात शत्रूच्या हातून गेला नाही. हातातली तोड्याची बंदूक फुटली आणि डोळा गेला. सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात या अपघाताची नोंद केली आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या या सेनानीला आयुष्यभराचे व्यंग दिले ते त्याच्याच हत्याराने.

तोड्याची बंदूक म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची. नळीच्या बुडाशी बाजूस एक बारीक छिद्र, त्याला कान म्हणत. कानापाशी रंजक, म्हणजे बारीक दारू, ठेवायची. चाप दाबला की सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या दोरीचे, म्हणजे तोड्याचे, जळते टोक रंजकावर टेके. ठिणगी कानातून आत जाई आणि बार उडे. या साखळीतली एक कडी जरी निखळली तरी काम फसे. वाऱ्याने रंजक उडे, पावसाने ती भिजे, तोडा विझे. रंजक पेटून आतला बार तसाच राही, तो फुसका बार. आपल्या भाषेत हा शब्द आज पोकळ घोषणांसाठी उरला आहे; ज्याच्या समोर रानडुक्कर उभे असे, त्याच्यासाठी तो जीवनमरणाचा होता. सर्वांत घातकी प्रकार वेगळाच. पहिला बार पेटलेला नाही हे गडबडीत न कळून त्याच्यावर दुसरा ठासला जाई. पट्टी वळवून, ऐरणीवर ठोकून सांधलेल्या नळीला तो दाब सोसत नसे, आणि ती फुटे ती चालवणाऱ्याच्या तोंडाशी.

म्हणजे त्या काळी भरवसा ही बंदुकीत आयती मिळणारी वस्तू नव्हती. लोहाराचा सांधा, दारूचा कोरडेपणा, हवा आणि माणसाचे भान, या चौघांनी मिळून तो घडवायचा. एक जरी चुकला तरी बाकी तिघांचे काही चालत नसे.

या चौघांत हवेबरोबर जमीनही धरावी लागते, हे माळव्याने इंग्रजांना शिकवले. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची फौज होळकरांपुढे माघार घेत मुकुंदरा घाटातून कोट्याकडे निघाली. तिच्या तोफा उत्तम होत्या, गोलंदाज शिकलेले होते. पण आपली काळी माती पावसात काय करते, हे आषाढात शेतातून गाडी हाकलेल्या कोणालाही विचारावे. जुलै महिन्यात तोफा चिखलात रुतल्या त्या निघेनात. शेवटी त्यांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी कराव्या लागल्या आणि तशाच सोडून फौज पुढे गेली. त्या तोफांत कारखान्याचा दोष काहीच नव्हता. त्या या भूमीसाठी आणि या ऋतूसाठी भरवशाच्या नव्हत्या, इतकेच.

आता थोडे दूर जाऊ, कारण बंदुकीला आजचा भरवसा आला तो एका बदकांच्या शिकाऱ्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका होत्या. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. त्यांच्या ध्यानात आले की रंजकाचा भपका उडताच पक्षी सावध होतात, आणि छर्रे पोहोचेपर्यंत जागा सोडतात. त्यावर उपाय म्हणून आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग त्यांनी केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली. आपल्याकडे टोपीची बंदूक म्हणून जी खेडोपाडी राहिली, तिचे मूळ असे एका पाद्र्याच्या हुकलेल्या बदकांत आहे.

टोपीनंतर प्रगती वेगाने झाली. नळी मागून उघडून भरण्याची सोय झाली. दारू, छर्रे आणि टोपी एकाच काडतुसात आली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी दुनळी बंदुकीची अशी साधी रचना शोधली, की तिचे घोडे आत झाकले गेले आणि बंदूक उघडताच ते आपोआप चढू लागले. आज दीडशे वर्षांनंतरही तीच रचना जगभर चालते. आपण जिला बारा बोअरची बंदूक म्हणतो, तिच्या नावाचा अर्थही सांगून ठेवतो: तिच्या नळीत बसेल अशा मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.

हिंदुस्थानात दुनळीला जो मान मिळाला, त्याला कारण होते. तिच्यात दोन नळ्या, दोन चाप आणि दोन स्वतंत्र खटके असतात. एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो. गुंतागुंतीचे यंत्र कारखान्यापासून हजारो मैल दूर नेणाऱ्याला हा मोठाच आधार होता. तरीही आपल्या पावसाळ्याने तिलाही सोडले नाही. त्या काळची काडतुसे कागदी पुठ्ठ्याची असत. दमट हवेत ती फुगत आणि नळीत शिरत नसत. शिरली तर बार झाल्यावर निघत नसत. म्हणून जाणते लोक ती पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवीत.

येथे एक घरची आठवण सांगण्याची परवानगी घेतो. आमच्या वडिलांकडे परवान्याची दुनळी होती. १९५८ च्या हिवाळ्यात, मी बारा वर्षांचा असताना, ते मला इंदुरापासून काही कोसांवरच्या एका तलावावर घेऊन गेले. उजाडत होते. बदकांचा थवा डोक्यावरून आला. वडिलांनी नेम धरून चाप ओढला आणि नुसता 'कट्' असा आवाज झाला. थवा निघून गेला. मी म्हणालो, "अण्णा, उघडून बघा ना, काय झाले ते." त्यांनी उत्तर दिले नाही. नळी आकाशाकडे धरून ते तसेच उभे राहिले. एक श्वास घ्यावा एवढा वेळ गेला असेल, आणि बार उडाला. मागच्या पावसाळ्यातले काडतूस ओल धरून बसले होते. टोपी ठसठसत राहिली आणि दारू उशिरा पेटली. माझे ऐकून त्यांनी बंदूक उघडली असती, तर तो बार उघड्या नळीतून मागे, आमच्या तोंडावर आला असता. मी त्यांच्या कोपराशी उभा होतो.

परतताना ते एवढेच म्हणाले, "बंदूक बोलली नाही म्हणून ती रिकामी आहे असे समजू नये." त्यांच्या हाताला सुटलेला कंप मला घरी पोहोचेपर्यंत दिसत होता. त्या दिवसानंतर ते शिकारीला गेले, पण मला त्यांनी पुन्हा नेले नाही.

पुढे जिम कॉर्बेट वाचताना या प्रसंगाची आठवण झाली. १९०७ मध्ये कुमाऊँतील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा पाठलाग करताना कॉर्बेटची काडतुसे संपली. जखमी वाघीण समोर होती. त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. पुढे जाताना त्यांच्या लक्षात आले, की तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली दिसेल एवढी फट आहे. ती फुटेल अशी भीती फारशी नव्हती, पण झोत मागे येऊन डोळे जाण्याची होती. दुसरा इलाज नसल्याने त्यांनी ती चालवली. नेम वाघिणीच्या उघड्या तोंडावर होता, गोळी लागली ती पंजाला. वाघीण पडली ती आधीच्या जखमांनी. शंभर वर्षांपूर्वी यशवंतरावांचा डोळा ज्या धोक्याने गेला, तोच धोका कॉर्बेटपुढे उभा होता. फरक एवढाच, की कॉर्बेटला तो आधी दिसला होता, आणि हत्याराच्या दोषाचे माप मनात धरून त्यांनी पाऊल टाकले.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बंदुकीकडे वळतो. एका बारानंतर पुढचे काडतूस आपोआप चढावे, यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेकांनी डोके चालवले. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. तिच्यात नळीच मागे सरकत असे. पुढे दारूच्या वायूचा थोडा अंश नळीतून काढून त्यावर यंत्र चालवणाऱ्या बंदुका आल्या. त्या बोचत कमी, पण वायूबरोबर काजळी आत येई आणि वरचेवर साफसफाई लागे. जडत्वाचा उपयोग स्वीडनच्या श्यग्रेन यांनी त्या शतकाच्या पहिल्या दशकातच करून पाहिला होता. साठ वर्षांनी इटलीच्या ब्रुनो चिव्होलानी यांनी ते तत्त्व नव्याने घडवले आणि १९६७ मध्ये उर्बिनो येथे स्थापन झालेल्या बेनेली कंपनीने ते जगभर पोहोचवले.

हे तत्त्व आपल्या इंदुरात टेम्पोतून उभ्याने प्रवास केलेल्या कोणालाही समजेल. टेम्पो एकदम सुटला की उभा माणूस जागच्या जागी राहू पाहतो आणि मागे झुकतो. बार उडताच बंदूक खांद्याकडे झटका देते. तिच्यातला बोल्ट मोकळा आणि वजनदार असतो. तो जागीच राहू पाहतो. बोल्टाचे डोके आणि धड यांच्यामध्ये एक आखूड, दणकट स्प्रिंग असते, ती या ओढाताणीत दबते. छर्रे नळीतून निघून गेले, आतला दाब उतरला, की स्प्रिंग उसळी घेऊन धडाला मागे फेकते. डोके फिरून खाचांतून सुटते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि दुसरी स्प्रिंग बोल्टाला पुढे ढकलताना नवे काडतूस चढवते. वायू आत घेतलाच जात नाही, म्हणून काजळी कमी. भाग थोडे, म्हणून अडण्याच्या जागा थोड्या. पाणथळीत आणि थंडीत हिचे नाव झाले ते खरेच आहे.

पण तिच्याही अटी आहेत. तिला चालण्यासाठी झटका हवा. हलके काडतूस घातले, बंदुकीवर जास्तीचे वजन चढवले, किंवा तिला मागे सरकायला जागाच न ठेवता खोडाला टेकवून चालवली, तर स्प्रिंग पुरती दबत नाही आणि पुढचे काडतूस चढत नाही. आणखी एक खोड अशी: आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हलक्या हाताने पुढे आणला, किंवा चालताना त्याच्या मुठीला धक्का लागला, तर फिरणारे डोके पुरते बसत नाही. बाहेरून सारे ठीक दिसते. पक्षी येतो, शिकारी चाप ओढतो, आणि ऐकू येतो नुसता 'कट्'.

मित्रहो, १९५८ साली तलावाकाठी मी जो आवाज ऐकला, तोच हा. काडतूस वेगळे, यंत्र वेगळे, कारणही वेगळे. पण त्या आवाजानंतर काय करायचे हे बंदूक सांगत नाही. ते तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला माहीत असावे लागते.

येथवर मी बंदुकीने शिकाऱ्याला दिलेल्या दग्याविषयी बोललो. या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान अपुरे राहील. रंजक भिजत होती, तोडा विझत होता, तोवर त्या प्रत्येक फुसक्या बारात एखाद्या प्राण्याचा जीव वाचत होता. हत्याराचा कच्चेपणा हेच अरण्याचे कवच होते. बंदूक पक्की होत गेली तसे ते कवच गळून पडले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. त्या दिवशी बंदुकांनी कोणाला दगा दिला नाही. त्याच सुमारास सलीम अली मध्य भारतातील संस्थानांमध्ये पक्ष्यांची पाहणी करीत होते. त्यांनीही अभ्यासाचे नमुने बंदुकीनेच मिळवले. पण किती घ्यायचे ते अभ्यासाच्या गरजेने ठरत असे. पुढे भरतपूरची पाणथळ वाचवण्यासाठी झटणाऱ्यांत तेच होते. बंदुका सारख्याच भरवशाच्या; माणसे वेगळी.

विद्यार्थ्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. त्याच्या बंदुकीत अधिक काडतुसे मावतात, पण बदकांच्या शिकारीला जाताना त्याला तिच्या कोठीत एक दांडी बसवावी लागते, म्हणजे एकूण तीनच काडतुसे राहतात. अमेरिकेत हा नियम १९३५ पासून आहे. कारागिरांनी शंभर वर्षे खपून बंदूक कधी थांबू नये अशी केली, आणि मग समाजाला कायद्याने तिला थांबवावे लागले.

आपण याहून पुढे गेलो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी त्यात काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने उरले होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. आज मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाशिवाय शेड्यूलमधल्या प्राण्यावर बंदूक उचलणे हा गुन्हा आहे. त्याच साली मी वडिलांची दुनळी परवानाधारक व्यापाऱ्याच्या स्वाधीन केली. ती शेवटची पुसताना नळीतून पलीकडे पाहिले. आतून आरशासारखी लखलखीत होती. तिच्यात काहीही बिघडलेले नव्हते.

शेवटी पुन्हा यशवंतरावांकडे येतो. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी भानपुऱ्यास मुक्काम केला आणि तेथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला. भट्टीपाशी ते स्वतः राबत. ज्याचा डोळा कच्च्या नळीने घेतला, तो माणूस पक्क्या नळीसाठी धडपडत होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्या श्रमांत आणि चिंतेत त्यांचे चित्त भ्रमले, आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यातच त्यांचा अंत झाला. तेथे त्यांची छत्री आहे. तिच्यापासून जवळच चंबळेवरचे गांधीसागर अभयारण्य लागते. २० एप्रिल २०२५ रोजी कुनोतून आणलेले दोन चित्ते त्या अभयारण्यात सोडण्यात आले. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते, आणि त्याच्या नाशात शिकारीच्या भरवशाच्या बंदुकांचा मोठा वाटा होता.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देतो. बाळा, तुझी बंदूक चांगली आहे. बोल्ट पुरता बसला आहे की नाही ते तळव्याने चाचपून पाहा, योग्य काडतूस वापर, आणि 'कट्' असा आवाज आला तर नळी आकाशाकडे धरून थांब. ती दगा देणार नाही, हे मी मान्य करतो. पण ती दगा देत नाही म्हणूनच आता सारा भार तुझ्यावर आला आहे. पूर्वी जे पाऊस आणि ओली रंजक करीत असे, ते तुला करावे लागेल. थवा डोक्यावर असताना, कोठीत काडतूस शिल्लक असताना, बंदूक खाली घ्यावी लागेल.

गुरुजींनी विचारले होते, वापरणाऱ्याचा वस्तूवर भरवसा किती असेल? या वयात मला वाटते, त्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग त्यांनी आमच्यासाठी ठेवला होता: वापरणाऱ्यावर भरवसा किती ठेवता येईल? त्याचे उत्तर शाळाच घडवू शकते. आपल्या शाळेने ते घडवीत राहावे, एवढी प्रार्थना करून आणि गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.